मशेरीचा रिपोर्ट

बावीस वर्षं मी विष शोधायची नोकरी केली, असं सांगितलं की नवी ओळख झालेली माणसं जरा सरकून बसतात. खरं तर काम अगदी सोज्वळ होतं. रत्नागिरीचा हापूस परदेशी जायच्या आधी त्यातली काही फळं आमच्या प्रयोगशाळेत येत. फवारलेल्या औषधाचा अंश त्यांत किती उरलाय, हे आम्ही कागदावर लिहून द्यायचो. फळाचा लगदा करायचा, रसायनात घुसळून त्यातलं औषध बाहेर काढायचं, गाळून स्वच्छ करायचं आणि थेंबभर मशीनला पाजायचं. मशीनच्या पोटात केसाएवढ्या बारीक नळीचं वेटोळं असतं. त्यातून प्रत्येक औषध आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि पडद्यावर एक टेकाड उमटतं. टेकाड कुठं आलं त्यावरून औषधाचं नाव कळतं, उंचीवरून प्रमाण.

गिऱ्हाइकं मात्र सोज्वळ नव्हती. एका बागायतदारांनी तपासायला आणलेल्या आंब्यांना भांड्यांच्या साबणाचा वास येत होता. "पाहुण्यांकडं जायचाय, म्हणून आंघोळ घातली," असं त्यांनी सांगितलं. दुसरे एक जण दर वर्षी भांडायचे, की माणसाच्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग आंब्याला तीन दिवस कशाला? पण या सगळ्यांना मागं टाकणारं गिऱ्हाईक म्हणजे आग्रेबाई.

राजापूरच्या आतल्या एका वाडीतून सकाळच्या एसटीनं त्या आल्या होत्या. वय साठीच्या अलीकडचं, आवाज मात्र वाडीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असा. सोबत दोन बायका. तिघी बचत गटाच्या, आग्रेबाई अध्यक्ष. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "हितं विषमुक्ताचं सर्टिफिकेट मिळतं ना?"

"कशाचं करायचंय?"

त्यांनी पिशवीतून पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. माझी सहकारी तिथल्या तिथं चार वेळा शिंकली.

"मशेरीचं," आग्रेबाई म्हणाल्या.

ज्यांच्या घरात कुणी लावत नाही त्यांच्यासाठी सांगते. मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली पूड. दात घासायला म्हणून सकाळी बोटावर घेतात, आणि मग दात दिवसातून सहा-सात वेळा घासावे लागतात. आग्रेबाईंच्या वाडीतून मुंबईला गेलेल्या घरांनाही मशेरी गावचीच लागायची. तेव्हा गटानं ठरवलं, की पाकिटं करून विकायची. नावही ठरलं होतं, 'झुंजूमुंजू'. खाली लिहायचं होतं, 'विषमुक्त मशेरी'.

"आग्रेबाई," मी म्हटलं, "अहो, तंबाखू हेच विष आहे. तोंडाचा कॅन्सर होतो."

"ता पाकिटावर चित्रासकट असतंय, आमाला म्हायती हाय. आमी फवाऱ्याच्या औषधाचं विचारतोय. आंबेवाल्यांना लिवून देता, मग आमी काय घोडं मारलंय?"

त्यात त्यांचा एक सिद्धांतही होता. "तसंही भाजल्यावर काय ऱ्हातंय त्यात? जळून खाक व्हतं. तुमी नुसतं लिवून द्या."

नुसतं लिहून द्यायचं नाही, हाच आमचा धंदा. आमचे व्यवस्थापक मुळ्ये साहेब म्हणाले, "घ्या सावंत मॅडम, नमुना तो नमुना. आंब्याची गर्दी सुरू व्हायला अजून आठवडा आहे." हे वाक्य मी त्यांना नंतर बऱ्याचदा ऐकवलं.

त्यांनी दोन पुड्या दिल्या होत्या, एक घाटावरून आलेल्या कच्च्या तंबाखूची आणि एक भाजलेल्या मशेरीची. आंब्याचा अर्क सोनेरी निघतो. तंबाखूचा निघाला तो चार वेळा उकळलेल्या चहासारखा. पुन्हा पुन्हा गाळूनही तो काळाच राहिला. शेवटी पाजला मशीनला. कच्च्या तंबाखूत तीन औषधं सापडली. मशेरीत त्यातलं एक गायब होतं, दोन कमी झाली होती, पण होती. आणि मशेरीचा दुसरा थेंब गेल्यावर पडद्यावर टेकाडांऐवजी सगळा सह्याद्रीच उभा राहिला. नळीच्या तोंडाशी डांबर साचलं होतं.

मुंबईहून इंजिनिअर येईपर्यंत दोन दिवस गेले, आणि नेमके त्याच दोन दिवसांत पहिले आंबे आले. मुळ्ये साहेब दर तासाला दाराशी येऊन मशीनकडं बघायचे. "परदेशचा आंबा खोळंबलाय," ते म्हणाले, "आणि आमच्या मशीनला मशेरी लागलीय!"

मी आग्रेबाईंना फोन करून निकाल सांगितला. पलीकडून ठाम आवाज आला, "ती या खेपेला गटातल्या सुमननं भाजल्यान. कच्ची ऱ्हायली असंल. मी येत्ये."

चौथ्या दिवशी त्या खरंच आल्या, स्वतःचा लोखंडी तवा घेऊन.

मशीन तोवर दुरुस्त झालं होतं आणि आंब्याचे नमुने मी पहाटे येऊन उरकत होते, त्यामुळं साहेबांनी डोळेझाक केली. खरं सांगायचं तर माझंही कुतूहल जागं झालं होतं. एक औषध गायब झालं होतं ना, ते जळालं की कुठं गेलं? म्हणून मी एक व्यवस्था केली. तव्यावर काचेचं मोठं नरसाळं उलटं धरायचं, त्याला नळी जोडून पंपानं धूर ओढायचा आणि तो बर्फात ठेवलेल्या बाटलीतल्या रसायनातून बुडबुडत न्यायचा. आमच्याकडचा बर्फ अपुरा पडला. शिपायानं आणखी मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरून आणला. बाटलीबाहेर असल्यानं प्रयोगाला बाधा नव्हती, फक्त खोलीला बांगड्याचा वास लागला.

हे सगळं काचेच्या कपाटात करायचं होतं. घातक वाफा बाहेर येऊ नयेत म्हणून प्रयोगशाळेत असं एक कपाट असतं, वरून पंखा हवा खेचून बाहेर टाकतो. आग्रेबाईंनी ते आतून-बाहेरून न्याहाळलं.

"चूल कपाटात?"

"धूर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून."

"मग वास कसा कळंल?"

प्रश्न शंभर टक्के बरोबर होता. मी तापमापक लावून विचारलं, "तुम्ही किती गरम झाल्यावर उतरवता?"

"गरम-बिरम न्हाय. वास फिरला की उतरवायची."

शेवटी तडजोड झाली. काच वीतभर वर उचलली. त्या फटीतून आग्रेबाई वास घेणार आणि "फिरला" म्हणाल्या, की मी तापमान टिपून घेणार. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद अजून आहे. आकड्यापुढं कंसात लिहिलंय, 'वास फिरला'. एरवी आमच्या वह्यांत असली नोंद चालत नाही. पण तिन्ही वेळा त्यांचा वास बरोबर त्याच आकड्याला फिरला. असली अचूकता मला कधीकधी विकतच्या उपकरणातही मिळाली नव्हती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. कपाटाची हवा जिथं बाहेर पडते, ती भिंत मागच्या जिन्याला लागून होती. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास. पाचेक मिनिटांत तिथले सर रुमाल नाकाला लावून खाली आले. त्यांच्या मागोमाग शेजारच्या इमारतीतल्या एक आजी काठी टेकत आल्या. त्यांची तक्रार नव्हती. "कोण भाजतंय गो?" त्यांनी दारातूनच विचारलं, "हात चांगलाय हो!" आग्रेबाईंची मान ताठ झाली. प्रयोगशाळेची साफसफाई बघणाऱ्या शेवंताबाई तर काम सोडून माझ्यापाशीच घुटमळत होत्या. "मॅडम, उरलेली टाकूनच देणार असाल तर…" आदल्याच आठवड्यात खोलीत चहा आणला म्हणून मी त्यांना झापलं होतं.

तीन भाजण्या झाल्या. पहिली नेहमीची, दुसरी जरा जास्त, आणि तिसरी माझ्या आग्रहावरून पार कोळसा होईपर्यंत. तिसऱ्या वेळेला आग्रेबाईंनी तोंड फिरवलं. त्यांना ते बघवेना.

त्या संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई ओटीवर शेंगा सोलत होत्या. मी जवळून गेले तशी त्यांनी मान वर केली, नाक ओढलं आणि माझ्याकडं टक लावून बघितलं. मग हात धरून आत नेलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "कधीपासून लागली गो तुला?"

"काय?"

त्यांनी देव्हाऱ्याच्या मागून पावडरीचा जुना डबा काढला. त्यात मशेरी होती! माझी सासू वर्षानुवर्षं माझ्यापासून, म्हणजे विष शोधणाऱ्या सुनेपासून, मशेरी लपवत आली होती. मला पत्ता नव्हता. "इतकी वर्षं मी चोरून लावत्ये," त्या म्हणाल्या, "तू आधी बोलली असतीस तर दोघींनी बसून लावली असती." लग्नानंतर इतक्या मायेनं त्या माझ्याशी क्वचितच बोलल्या होत्या. मी प्रयोगाचं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. माया अर्ध्यावरून परत गेली.

दोन दिवसांनी निकाल आले. आग्रेबाई आणि त्यांच्या दोघी मैत्रिणी समोर बसल्या. मी कागद मांडले.

"नेहमीच्या भाजणीत दोन औषधं उरलीत. आणि जे तव्यात सापडलं नाही, ते या धुराच्या बाटलीत सापडलं. जसंच्या तसं."

"जळलं न्हाय?"

"सगळं नाही जळलं. तुम्ही सुका बोंबील निखाऱ्यावर भाजता ना? शेजारणीला कळतं कधी? बोंबील करपल्यावर?"

"छ्या! टाकल्याबरोबर कळतंय. वाटी घेऊन येत्ये."

"तसंच. करपायच्या आधी वास सुटतो. काही औषधंही तशीच. मोडण्याइतकी तापायच्या आधीच वाफ होऊन उडतात. विडी-सिगारेटचंही तेच. टोकाच्या निखाऱ्यात औषधाचे तुकडे होतात, पण त्याच्या मागं जी तंबाखू नुसतीच तापलेली असते, तिथून ते न मोडता धुरातून ओढलं जातं."

आग्रेबाईंनी धुराची बाटली उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, "म्हंजे तव्यात न्हवतं ता माझ्या नाकात व्हतं."

सगळ्या वाडीची तंबाखू दर शनिवारी त्याच भाजायच्या. शेजाऱ्यांना ठसका लागतो म्हणून आतल्या चुलीवर, खिडकी लावून. हे त्यांनीच सांगितलं. पुढचं मात्र मैत्रीण बोलली. आग्रेबाईंची सून सहा महिन्यांचं बाळ घेऊन पलीकडच्याच खोलीत असायची, मधे नुसती कुडाची भिंत. ते ऐकून आग्रेबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता या बाईंना पाणी द्यावं.

पण डोळे उघडले ते अध्यक्षांचे होते. "तिसऱ्या भाजणीचं काय?"

"त्यात तिन्हीपैकी एकही औषध सापडलं नाही."

मैत्रिणींचे चेहरे फुलले. आग्रेबाईंनी मात्र आधी चिमूट मागितली. मी नको म्हणेपर्यंत पुडीत बोट बुडवून दाताला लावलंसुद्धा, आणि थेट बेसिनकडं धावल्या.

"ही मशेरी न्हाय, काजळी हाय! तलफच न्हाय हिच्यात."

"तलफ आणणारा जो तंबाखूचा अर्क असतो, तोही बराचसा उडून गेला असणार, जळला असणार."

एक मैत्रीण हुशार होती. ती म्हणाली, "मग असं करूया. सर्टिफिकेट हिचं घ्यायचं, आणि पाकिटात ती भरायची."

कागदावर मला तेच लिहावं लागणार होतं: 'सापडले नाही'. खरं होतं ते. आणि 'झुंजूमुंजू'च्या पाकिटावर गेलं की तेच वाक्य धडधडीत खोटं होणार होतं. मुळ्ये साहेब आधीच बजावून गेले होते, "आकडे द्या आणि मोकळ्या व्हा. रिपोर्टात प्रवचन नको." म्हणून मी प्रवचन तोंडीच दिलं.

"आग्रेबाई, 'सापडले नाही' म्हणजे विष नाही असं नव्हे. आम्ही ज्याचं नाव सांगतो तेवढंच मशीन शोधतं. औषध तापून मोडलं की त्याचे तुकडे होतात, त्यांची नावं वेगळी. काही औषधांचा तुकडा तर मूळ औषधापेक्षा वाईट असतो. चोर घरात नाही एवढं मी सांगू शकते. वेष पालटून माळ्यावर बसलाय का, ते नाही सांगू शकत. आणि औषधाचा कण नसलेली तंबाखू आणलीत, तरी तंबाखू ती तंबाखूच."

आग्रेबाईंनी रिपोर्टाकडं बघितलं. मग तो माझ्याकडं सरकवला.

"तुमच्यापाशीच ठेवा. वाडीत न्हेला तर कोनतरी छापील." आणि मैत्रिणीकडं वळून म्हणाल्या, "तू छापशील."

हे इथंच संपलं असतं. पण मघाशी त्या बेसिनपाशी चूळ भरत होत्या तेव्हा मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते, आणि त्यांच्या गालाच्या आत मला पांढरा चट्टा दिसला होता. मी रसायनवाली, डॉक्टर नव्हे. बोलावं की नाही, या विचारात घोटाळत राहिले. त्या पिशवी आणि परवा इथंच ठेवलेला तवा उचलून निघाल्या तेव्हा विचारलं, "तोंडात ते पांढरं किती दिवस आहे?"

"ता व्हय? सालभर असंल. तिथं आग व्हते. मग तिथंच जरा जास्त लावत्ये, बधिर व्हतं."

मी साहेबांकडून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि आग्रेबाईंना माझ्या स्कूटरवर मागं बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. तवा मैत्रिणींकडं द्यायला त्या तयार नव्हत्या. म्हणून तो त्यांच्या मांडीवर, म्हणजे माझ्या पाठीला टेकून होता. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला मला तव्याचा फटका बसत होता, आणि मागून आवाज येत होता, "सावकाश गो बाय, तुटंल!" लोखंडी तवा.

डॉक्टरांनी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठवड्याहून जास्त दिवस लागणार होते. 'आंब्याला तीन दिवस कशाला' म्हणणारे ते बागायतदार मला त्या दिवसांत आठवायचे. वाट बघणं म्हणजे काय, हे टेबलाच्या अलीकडं बसून मला कधी कळलंच नव्हतं. आग्रेबाईंचा रोज एक फोन यायचा. विषय दुसराच असायचा, काजूला मोहोर कसा आहे वगैरे. शेवटी विचारायच्या, "मशीन बिघडलं न्हाय ना त्यांचं?"

रिपोर्ट घेऊन त्या थेट माझ्याकडं आल्या. मी वाचला. कर्करोग आढळला नव्हता. मी हसून तसं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"आढळला न्हाय म्हंजे न्हायच, का त्यांनी मशीनला त्याचं नावच सांगितलं न्हवतं?"

बावीस वर्षांत एकाही निर्यातदारानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. आम्ही दोघी पुन्हा दवाखान्यात गेलो. त्यांनी तोच प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरांना विचारला. डॉक्टर तरुण होते. आधी गडबडले, मग खुर्ची पुढं ओढून नीट समजावू लागले. शोधलं तेच, आणि ते नाही. पण हा चट्टा पुढंमागं बिघडू शकतो. मशेरी आजपासून बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

"जरापन न्हाय?"

"जरापण नाही."

त्यांनी सोडली. ते दिवस वाडीनं कसे काढले ते वाडीलाच ठाऊक. पंधरा दिवसांत अध्यक्षांनी सुनेशी, दुधवाल्याशी आणि एसटीच्या दोन कंडक्टरांशी भांडण केलं. गटाच्या चार बायका माझ्याकडं आल्या. काकुळतीला येऊन म्हणाल्या, "म्याडम, दिवसाला एक चिमूट चालंल असं लिवून द्या. न्हायतर त्यांना तुमच्याकडं ठेवा." मी बडीशेप दिली. ती दोन दिवसांत संपली, भांडणं चालूच राहिली. मग हळूहळू निवळलं. 'झुंजूमुंजू'चं नाव मात्र त्यांनी वाया घालवलं नाही. ते आता कुळथाच्या पिठाच्या पाकिटावर आहे.

माझ्या घरात मला एवढंही जमलं नाही. सासूबाईंना मी बोंबलाचं उदाहरण दिलं, चट्ट्याचं सांगितलं. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि डब्याची जागा बदलायच्या. परक्या देशातल्या माणसाच्या पोटात काय जातं याची काळजी घेण्यात मी इतकी वर्षं घालवली, आणि स्वतःच्या देव्हाऱ्यामागं हात घालून बघितलं नाही. त्या शेवटपर्यंत लावत होत्या. गेल्या त्या हृदयविकारानं, पण मला ते समाधान पुरत नाही.

निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षी आग्रेबाईंच्या वाडीत गेले होते. मला वाटलं होतं, तिथं आता मशेरी बंद झाली असेल. कसली बंद! पाच-सहा बायकांनी सोडली होती, बाकीच्या लावत होत्या. शनिवार होता आणि तंबाखू भाजणं चालूच होतं. पण आतल्या चुलीवर नव्हे, खळ्याच्या टोकाला, उघड्यावर तीन दगड मांडून. तव्याशी सुमन बसली होती. आग्रेबाई दहा पावलं दूर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि तिथून हुकूम सोडत होत्या.

"तलफ लागत नाही आता?" मी शेजारी बसत विचारलं.

"लागत न्हाय कशी? रोज लागते," त्या म्हणाल्या. नजर तव्यावरच होती.

एवढ्यात वारा फिरला. धुराचा लोट खळ्यावरून घराकडं वळला, आणि त्याच वेळेला सून पोराला कडेवर घेऊन पडवीत आली. आग्रेबाई खुर्चीतून अशा उठल्या की खुर्ची मागं कलंडली.

"सुमन, तवा उतरव! उतरव म्हनत्ये ना! राहूंदे कच्ची!" आणि धावत जाऊन त्यांनी पोराला सुनेकडून घेतलं, पदरानं त्याचं नाक-तोंड झाकलं आणि त्या धुरातून त्याला पार विहिरीच्या कडेपर्यंत घेऊन गेल्या.